शिडाच्या जहाजावरचं सत्र: मोठं जहाज की लहान?

शाळा-कॉलेजचं एखादं सत्र शिडाच्या जहाजावर काढता येतं. अशा सत्रांच्या माहितीपत्रकांत बंदरांचे फोटो असतात, नाहीतर डोलकाठीवर चढून हसणारी मुलं. दोन बंदरांच्या मधल्या खवळलेल्या दिवसांचे फोटो फारसे नसतात, कारण तेव्हा एक हात सतत कशाला तरी धरलेला असतो आणि दुसऱ्या हातात बादली असते. माझ्या मते जहाज निवडायचं ते याच दिवसांचा विचार करून.

ढोबळमानाने दोन जातीची जहाजं समोर येतात. मोठ्या जातीत नॉर्वेची दोन: 1927 सालचं, सुमारे 64 मीटर लांबीचं सोर्लांडेट आणि 1914 सालचं, 98 मीटरचं स्टाट्सराड लेमकुल. लहान जातीचा नमुना म्हणजे अमेरिकेत वुड्स होलच्या सी एज्युकेशन असोसिएशनचं कॉर्विथ क्रॅमर: दोन डोलकाठ्या, 134 फूट, म्हणजे जेमतेम 41 मीटर.

पहिली भीती बोट लागण्याची. मोठ्या जहाजावर कमी लागते हे खरं, पण लोक समजतात तितकी कमी नाही. पाच-सहा सेकंदांत एकदा असं वर-खाली होणं पोटाला सगळ्यात वाईट. आखूड लाटांवर मोठं जहाज आडवं पसरून निभावतं, लहान जहाज प्रत्येक लाटेची दखल घेतं. महासागराची लांब लाट आली की मात्र दोन्ही डोलतात. शिडांत वारा भरलेला असला तर जहाज एका बाजूला कलून थोडं स्थिर राहतं. वारा थेट पाठीमागून आला की डावी-उजवी सुरू. बहुतेकांचं पोट दोन-तीन दिवसांत जुळवून घेतं. गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, बंदर सोडण्याआधीच घ्यायची. आणि सगळ्यात चांगला उपाय सुकाणूवर सापडतो: नजर क्षितिजावर आणि हाताला काम.

झोपेच्या बाबतीत वादळात मोठं जहाज जिंकतं, तेही जुनाट पद्धतीमुळे. लेमकुलवर विद्यार्थी झोळीत झोपतात. जहाज कलतं, झोळी सरळ लोंबत राहते. शेजारच्याचं कोपर बरगडीत बसतं आणि उठल्यावर झोळी गुंडाळून ठेवायची, म्हणजे दिवसा स्वतःचा असा कोपरा उरत नाही. क्रॅमरवर पडदा लावलेला स्वतःचा बंक, म्हणजे भिंतीला लागून अरुंद पलंग, मिळतो. पण जहाज कललं की तुम्ही भिंतीवर तरी घसरता, नाहीतर बाहेर पडायला येता. मग गादीच्या बाहेरच्या कडेखाली कपडे कोंबून खोबण करायची आणि त्यात रुतून पडायचं. एक-दोन रात्री झोळी बरी, सहा आठवडे मात्र मी पडदाच घेईन.

पाळ्यांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, अंगावर मोठा. लेमकुलवर चार तास काम, आठ तास सुट्टी, रोज त्याच वेळा. शरीराला सवय होते. क्रॅमरवर तीन गटांत दिवसाचे सहा, सहा, चार, चार, चार तासांचे तुकडे फिरतात. आज पहाटे तीनला उठलात, उद्या रात्री अकराला उठाल. तिसऱ्या दिवशी वार विचारलात तर सांगता येणार नाही. पण खरा फरक पुढेच आहे. मोठ्या जहाजावर दोर ओढायला वीस जण असतात; एक जण खाली पडून राहिला तर चालून जातं. लहानावर पाळीत मोजकी माणसं. दर तासाला जागा, वायुदाब, वारा नोंदवायचा, इंजिनखोलीत फेरी मारायची, ठरल्या वेळी बारीक जाळं पाण्यातून ओढून प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) आणि प्लॅस्टिकचे कण मोजायचे. तुम्ही आला नाहीत तर ते काम दुसऱ्या आजारी माणसाच्या गळ्यात. पुढे पुढे तर विद्यार्थ्यालाच पाळी चालवायला देतात.

उंचीचं म्हणाल तर, सोर्लांडेटच्या तिन्ही डोलकाठ्यांवर चौकोनी शिडं आहेत, ती आवरायला वर चढावं लागतं. खाली थोडं डोललं की वर भरपूर डोलतं. क्रॅमरवर बरंचसं काम डेकवरूनच होतं.

जेवणाचं एकच सांगतो. क्रॅमरची टेबलं बिजागरीवर झुलतात: जहाज तिरपं झालं तरी टेबल सपाट, म्हणून ते कधी छातीशी येतं, कधी गुडघ्यांवर. नवखा माणूस सवयीने कोपर टेकतो आणि समोरच्याच्या मांडीवर अख्ख्या ओळीचं सूप. असं बहुधा एकदाच होतं.

घरच्यांना वाटतं मोठं म्हणजे सुरक्षित. 1957 साली बुडालेलं जर्मन शिडाचं जहाज पामीर शंभर मीटरहून लांब होतं; 86 जणांपैकी सहा वाचले. उलट 57 मीटरचं काँकॉर्डिया, कॅनडाच्या तरंगत्या शाळेचं, फेब्रुवारी 2010 मध्ये ब्राझीलजवळ आडवं झालं आणि बुडालं, पण सगळे 64 जण जवळपास दोन दिवस तराफ्यांवर राहून सुखरूप परतले. कॅनडाच्या चौकशीत वारा काही विलक्षण नव्हता असं निघालं. शिडं वेळेत कमी केली नव्हती आणि दारं-झरोके उघडे होते. तेव्हा लांबी विचारण्यापेक्षा वारा वाढला की शिडं कमी करायची कधी हे कोण ठरवतं, ते विचारा.

जहाजाइतकाच वाटेचाही फरक पडतो. जर्मनीचं टोर हेयरडाल, मोठ्या आणि लहान जातीच्या मधल्या आकाराचं, दहावीच्या मुलांना घेऊन कीलहून सुमारे सहा महिन्यांच्या फेरीवर जातं. कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंत व्यापारी वाऱ्यांचा उबदार टप्पा. परतीचा, अटलांटिकमधल्या बर्म्युडा ते अझोर्स बेटांचा टप्पा थंड आणि खडबडीत. तुमच्या सत्रात असा परतीचा टप्पा असेल तर वरचं सगळं दुप्पट धरा.

शाळेचे नेहमीचे विषय आणि परीक्षा सोबत न्यायची असतील, किंवा पोट नाजूक असेल, तर मोठं जहाज घ्या. समुद्र शिकायचा असेल आणि लपायला जागा नसली तरी चालणार असेल, तर लहान. मी लहानच घेईन. पैसे भरण्याआधी मागच्या खेपेच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा आणि सगळ्यात वाईट दिवशी तो कुठे होता ते विचारा. मोठ्या जहाजावरचा बहुधा म्हणेल, झोळीत. लहानावरचा किती वाजता कुठल्या दोरावर होता, तेही सांगेल.