रिफंड १,८४९ रुपयांचा, गेले ८७,४१२

आधी आकडे सांगते. ४९,९९८, मग २४,९९९, मग १२,४१५. एकूण ८७,४१२ रुपये, पस्तीस मिनिटांत. कशासाठी, तर मिक्सरच्या १,८४९ रुपयांच्या रिफंडसाठी. हसायचं असेल तर हसून घ्या, माझ्या जावेचं हसून झालंय.

मी अडाणी नाही. बी. कॉम. आहे, बावीस वर्षं एका पतसंस्थेत हिशेब सांभाळलेत. लाइट बिल, गॅस, विमा सगळं मोबाइलवरून भरते. 'आज रात्री वीज तोडली जाईल' असले मेसेज आले की भिशीच्या ग्रुपवर मीच ओरडते, लिंक दाबू नका म्हणून. तरी फसले, कारण या वेळी चोराने मला फोन केलाच नाही. मी त्याला केला.

मिक्सरचं भांडं गळत होतं म्हणून परत पाठवला. बारा दिवस झाले, पैसे नाहीत. अ‍ॅपमध्ये 'मदत' दाबलं की यंत्र बोलतं. चार पर्याय देतं, एक निवडला की आणखी तीन, आणि शेवटी 'तुमच्या शंकेचं निरसन झालं का?' नाही म्हटलं की पुन्हा पहिले चार. पाऊण तास त्या घाण्याला जुंपून घेतलं. फोन नंबर कुठेच नाही. मिक्सर तिसऱ्या मजल्यावर आणून देतात, पण बोलायला माणूस ठेवत नाहीत. शेवटी नेटवर कंपनीचं नाव आणि पुढे 'कस्टमर केअर' असं टाकलं, आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

दुसऱ्या रिंगला उचलला. दुसऱ्या रिंगला! खऱ्या कंपनीत असं होतं का कधी?

पण स्वच्छ मराठी. 'काकू, तुम्हाला त्रास झाला, आधी माफी मागतो.' त्या दिवसात माझ्याशी माणसासारखं बोललेला तो पहिला, म्हणून मी ऐकत गेले. त्याने एक अ‍ॅप घ्यायला लावलं, त्यातला नऊ आकडी कोड मी वाचून दाखवला. म्हणजे माझा स्क्रीन त्याच्यासमोर. एक फॉर्म भरून घेतला, त्यात कार्डाचा नंबरही. मग म्हणाला, पेमेंटचं अ‍ॅप उघडा, आमच्या रिफंड डेस्कचा आयडी टाका, खालच्या चौकटीत टोकन नंबर टाका, ४९९९८, आणि पिनने खात्री करा.

ती चौकट रकमेची होती. डावीकडे रुपयाचं चिन्ह होतं. आणि मी आकडा टाकताच त्यात आपोआप स्वल्पविराम पडला: ४९,९९८. टोकन नंबरात कधी स्वल्पविराम असतो का? बावीस वर्षं मी लोकांच्या स्लिपा एवढ्याशा चुकीसाठी परत केल्यात. तो स्वल्पविराम मला दिसला. दिसला, आणि मी पिन टाकला. रात्री अंथरुणावर पडलं की अजून तोच दिसतो. तो एकसारखा बोलत होता, 'काकू, चाळीस सेकंदांत सेशन संपेल', तिकडे गॅसवर दूध. हे सांगून काय उपयोग म्हणा.

मग 'पहिलं टोकन अडकलं, ते उलटं फिरवायला २४९९९.' तेही टाकलं. का, ते विचारू नका. यूपीआयचा पिन पैसे द्यायलाच लागतो, घ्यायला कधीच नाही, हे मी दुसऱ्यांना शिकवलंय.

४:३६ ला बँकेचे मेसेज बघून फोन कापला. पण फोन कापला म्हणजे स्क्रीन बंद होत नाही! ते अ‍ॅप चालूच होतं. असं झालं तर आधी इंटरनेट बंद करा, मग ते अ‍ॅप काढा, मग रडा.

बँकेच्या नंबरवर माणूस मिळायला ४:५८ झाले. 'सगळं बंद करा' म्हटलं. त्याने यूपीआय बंद केलं, तक्रार क्रमांक दिला. कार्डाचा विभाग वेगळा म्हणे, हे त्याने सांगितलंच नाही. मग १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, लावला, तीन वेळा व्यस्त, तोवर ५:०६ ला ओटीपी आला, तिकडे चोराने वाचला आणि कार्डावरून १२,४१५ गेले. चौथ्यांदा १९३० लागला. त्या बाईंनीच काय ते नीट ऐकलं. व्यवहाराचा बारा आकडी नंबर हाताशी ठेवा, तो पहिला विचारतात.

पुढची कथा कोणी ऐकत नाही म्हणून इथे लिहिते. आमच्या पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरवाले जिल्ह्याला बसतात. एसटीने सव्वा तास. तिथे म्हणाले, स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रती, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आधारची झेरॉक्स आणा. दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला एकाने विचारलं, 'काकू, पिन तुम्हीच टाकला ना?' बँकेत मॅनेजरने तेच विचारलं. पुण्याच्या मुलाने तेच, जरा प्रेमाने. चोराला अजून कोणी काही विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ८,२०० रुपये कुठल्याशा खात्यात गोठवलेत, ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. वकील पाच हजार मागतो.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी आता छापून पिशवीत ठेवते. पिन-ओटीपी आपण दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. माझे १२,४१५ कळवल्यानंतर आठ मिनिटांनी गेलेत. शाखेने लेखी अर्जाची पोच द्यायलाच वीस मिनिटं घातली. पोच घेतल्याशिवाय उठू नका. बँकेकडे तक्रार करून तीस दिवस झाले की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माझा आज चोविसावा.

स्क्रीन बघणाऱ्या अ‍ॅपबद्दल रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१९ च्या फेब्रुवारीतच सावध केलं होतं. माझ्या बँकेने मला तेव्हापासून वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या आणि कर्ज घ्या म्हणून फोन केले. माझा मोबाइल फोटोतल्या नातवाचा चेहरा ओळखतो. पण परका माणूस स्क्रीन बघत असताना मी रक्कम टाकतेय, तेव्हा एकदा 'बाई, थांब' म्हणायला कोणाला सुचलं नाही.

१,८४९ रुपये सोळाव्या दिवशी आपोआप जमा झाले. सोबत मेसेज, आमच्या सेवेला किती गुण द्याल?

तो नंबर खोटा आहे असं मी तीनदा कळवलंय. काल रात्री पुन्हा शोधून पाहिला. अजून सगळ्यात वरच आहे, आणि आता त्याला चार तारे मिळालेत.