जपानी वेष्टने कॅमेऱ्यातून मराठीत वाचताना: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

टोकियोच्या एदोगावा प्रभागात, विशेषतः निशी-कासाईच्या परिसरात, डाळी, पिठे आणि मसाले सहज मिळतात. पण रोजचा ब्रेड, टोफू, बिस्किटे आणि औषधे जपानी दुकानांतूनच घ्यावी लागतात आणि त्यांच्या वेष्टनांवर बहुधा फक्त जपानी मजकूर असतो. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्यापासून हा मजकूर फोनच्या कॅमेऱ्यातून मराठीत पाहण्याची सोय आम्ही जवळजवळ रोज वापरत आहोत. त्या पूर्ण शाकाहारी आहेत, त्यांना मराठीच वाचायला सोयीचे जाते आणि दुकानात प्रत्येक वस्तूसाठी दुसऱ्याला विचारणे त्यांना आवडत नाही. दोन वेगवेगळी ॲप वापरून पाहिली; दोन्हींचे गुणदोष इतके सारखे निघाले की नावांपेक्षा या सोयीबद्दलच लिहिणे अधिक उपयोगाचे वाटते.

कॅमेऱ्यासमोर पाटी धरावी आणि त्याच जागी दुसऱ्या भाषेतील अक्षरे उमटावीत, ही कल्पना डिसेंबर 2010 मध्ये आलेल्या ‘वर्ड लेन्स’ या ॲपने लोकांसमोर आणली. तेव्हा ती इंग्रजी आणि स्पॅनिश या दोन भाषांपुरती होती. आज जपानी मजकूर मराठीत उमटतो, तेव्हा त्यामागे अनेक कामे एकामागून एक होत असतात: चित्रात अक्षरे कोठे आहेत हे शोधणे, ती ओळखणे, अनुवाद करणे आणि मूळ अक्षरे पुसून त्या जागी नवी बसवणे. आधीच्या टप्प्यात झालेली चूक पुढच्या टप्प्यात दुरुस्त होईलच असे नाही. उलट ती सुबक अक्षरांत छापल्यासारखी समोर येते.

जे चांगले आहे ते मनापासून सांगावेसे वाटते. स्थानकावरील सूचना, कचरा कोणत्या वारी ठेवायचा याचे पत्रक, वॉशिंग मशीनची बटणे, दुकानातील फलकांवरची नावे, हे सारे काम ही सोय उत्तम करते. सपाट पृष्ठभाग, छापील अक्षर आणि पुरेसा उजेड असला की उभ्या ओळींतील जपानीही ती बहुतेक वेळा नीट वाचते. सासूबाई आता एकट्या दुकानात जाऊन दही, सोया दूध आणि लोणी वेगवेगळे ओळखून आणतात, आणि याचे बरेचसे श्रेय या सोयीला आहे.

अडचण सुरू होते ती पाकिटाच्या मागच्या बाजूला, घटक पदार्थांच्या बारीक छापलेल्या चौकटीत. चकचकीत, सुरकुतलेल्या प्लॅस्टिकवर ‘शि’ आणि ‘त्सु’, ‘सो’ आणि ‘न’ ही काताकाना या जपानी लिपीतील अक्षरे यंत्राला एकसारखी दिसू लागतात. हात जरा हलला की शब्द बदलतो. जपानीत शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, त्यामुळे ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द कधी कधी दोन निराळे पदार्थ होऊन बसतो. म्हणून चौकट कधीही चालू कॅमेऱ्यात वाचू नये. पाकीट ताणून धरावे, स्थिर छायाचित्र घ्यावे आणि मग त्याचा अनुवाद करावा. एवढ्याने फार फरक पडतो.

तरीही एक दोष उरतोच. मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या) एका डब्यावर ‘दाशी’ असे लिहिले होते आणि मराठीत उमटले ‘साठा’. जपानीतून मराठीत थेट अनुवादासाठी लागणारा मजकूर थोडा असल्याने मधल्या पायरीला अनेकदा इंग्रजी येते. दाशीचे इंग्रजीत ‘स्टॉक’ झाले आणि स्टॉकचा ‘साठा’, असाच तो प्रवास दिसतो. शाकाहारी माणसासाठी ही क्षुल्लक चूक नाही. दाशी म्हणजे पदार्थाला चव देणारे पाणी किंवा अर्क; तो कोम्बू या समुद्री शैवालाचा असू शकतो, पण पुष्कळदा वाळवलेल्या कात्सुओ माशाचा असतो. दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत कोम्बू आणि मागे बारीक अक्षरांत कात्सुओचा अर्क, अशीही पाकिटे मिळतात. ॲलर्जीच्या सूचनेवर विसंबूनही चालत नाही. 2023 मध्ये अक्रोडाची भर पडून सक्तीने नोंदवायच्या पदार्थांची संख्या 8 झाली. त्यांत कोळंबी आणि खेकडा आहेत, कात्सुओ नाही. ‘साठा’ असे वाचून डबा टोपलीत टाकणाऱ्या माणसाला यांतले काहीच कळणार नाही.

माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. मूळ अक्षरे झाकून टाकणारी मांडणी दिसायला देखणी असते, पण शंका घ्यायला जागाच ठेवत नाही. ‘साठा’ या शब्दाखाली काय होते, हे पाहण्यासाठी मूळ चित्राकडे परत जावे लागते, आणि सत्तरीतल्या वाचकाने ते दर वेळी करावे ही अपेक्षा वाजवी नाही. मूळ ओळ आणि तिच्याखाली मराठी ओळ अशी मांडणी किमान निवडता तरी यायला हवी. शिवाय जपानी मजकूर आटोपशीर असतो आणि मराठी लांबते. तेवढ्याच जागेत बसवताना अक्षरे इतकी बारीक होतात की उकार आणि रफार दिसेनासे होतात. मजकूर वेगळा काढून मोठ्या अक्षरांत वाचणे हाच सध्याचा उपाय आहे.

तारखांचे वेगळे सांगायला हवे. ‘शोमी किगेन’ म्हणजे चव उत्तम राहण्याची मुदत आणि ‘शोही किगेन’ म्हणजे त्यानंतर खाऊच नये अशी मुदत. आमच्याकडे दोन्हींचा अनुवाद ‘अंतिम तारीख’ असा आला. आकडे तर तसेच राहतात. 26.03.15 हे आपण 26 मार्च 2015 असे वाचू, पण जपानमध्ये वर्ष आधी येते, म्हणजे ती 15 मार्च 2026 असते.

औषधांच्या बाबतीत आम्ही या सोयीवर निर्णय सोडत नाही. एका पुडीवरील ‘शोक्कान’चा अनुवाद ‘जेवणाच्या दरम्यान’ असा आला. मराठी वाचक याचा अर्थ जेवताना असाच घेईल. प्रत्यक्षात ते औषध दोन जेवणांच्या मधल्या वेळेत, जेवणानंतर साधारण दोन तासांनी घ्यायचे असते. आता औषध घेतानाच औषधविक्रेत्याकडून वेळ विचारून घेतो आणि पुडीवर मराठीत लिहून ठेवतो. घरातील ज्या डब्यांत माशाचा अर्क नाही अशी खात्री झाली आहे, त्यांच्या दर्शनी बाजूची छायाचित्रे सासूबाईंच्या फोनमध्ये वेगळी साठवली आहेत. नेहमीच्या खरेदीत त्या आधी तीच उघडतात आणि कॅमेरा नव्या वस्तूंसाठी ठेवतात.