आर्टिस्ट ट्रेडिंग कार्डांसाठी नऊ खिशांची शीट : घ्याच

हाताने बनवून एकमेकांत अदलाबदल करायची ही कार्डं अडीच बाय साडेतीन इंचांची, त्यामुळे मुंबईतल्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून आणलेल्या नऊ खिशांच्या पॉलिप्रॉपिलीन (एक प्रकारचं प्लास्टिक) शीटमध्ये एकदम फिट बसतात. पीव्हीसीवाली स्वस्त पडते पण प्लीज नका घेऊ, त्यातलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) हळूहळू सुटतं आणि रंग शीटला चिकटतो, कोणीतरी एवढ्या मायेने केलेलं काम वाया जातं. मागची बाजूही दिसते हे मला सगळ्यात आवडलं, बनवणाऱ्याचं नाव, तारीख तिथेच तर असते! मणी किंवा कापड लावलेली जाडी कार्डं मात्र यात कोंबू नका, त्यांना वेगळा डबा. आणि आपल्या मुंबईच्या पावसाळ्यात फाईलच्या कपाटात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच.