'सी ए टी कॅट'च्या पुढे : इंग्रजीच्या मोबाईल धड्यांचे आठ महिने

मुलगी जूनमध्ये पाचवीत गेली. गावच्या मराठी शाळेतलं इंग्रजीचं पुस्तक ती घडाघडा वाचते, असा माझा समज होता. एकदा ओळीतल्या मधल्याच शब्दावर बोट ठेवलं, तेव्हा कळलं की बाईसाहेब वाचत नव्हत्या, धडा पाठ म्हणत होत्या. 'सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' तोंडपाठ, पण 'मॅट' समोर आला की गप्प. आमच्या वेळी एबीसीडीच पाचवीत सुरू व्हायची. २००० सालापासून इंग्रजी पहिलीत आलं, तरी आमच्या घरातली घोकंपट्टी काही हलली नव्हती.

म्हणून वर्षाची फी भरून मोबाईलवरचे धडे घेतले. नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढे तक्रारीही आहेत.

पहिल्या दोन महिन्यांतच निम्मे पैसे वसूल झाले. इथे अक्षराचं नाव नंतर, आधी आवाज. सुरुवातही एबीसीने नाही. एस, ए, टी, पी, आय, एन ही सहाच अक्षरं आणि त्यांचे आवाज : स, ॲ, ट, प, इ, न. एवढ्या भांडवलावर सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन, पॅन असे शब्द मूल स्वतः जुळवतं. आपण नाही का, काना-मात्रा शिकवायच्या आधीच घर, बदक, कमळ वाचून घेत? तसंच. अक्षरं २६ आणि आवाज चाळिसाच्या वर, त्यामुळे पुढे गुंता होतोच, पण तोवर मुलाची भीती गेलेली असते. शेवटचा मुका 'ई' तिला फार आवडला. 'कॅप'ला चिकटला की 'केप', 'पिन'ला चिकटला की 'पाईन'. स्वतः तोंड उघडायचं नाही आणि दुसऱ्याला बदलायचं. (आमच्या घरात असं एक माणूस आहे, असो.)

उच्चार तपासणाऱ्या माईकने मात्र जीव खाल्ला. 'व्हॅन'ला ती 'व्ह'वर असा जोर द्यायची की दर वेळी लाल फुली. चूक तिची नव्हती. आपण देवनागरीत 'व्ह' लिहितो, ती लिहिल्याबरहुकूम 'ह'सकट म्हणत होती. वरचे दात खालच्या ओठावर टेकव, 'ह' विसर, एवढं सांगणारं त्यात कुणी नव्हतं. 'झू'चंही तेच. शेवटी मी म्हटलं, 'जवळ'मधला 'ज' म्हणून बघ. अगदी तोच आवाज नव्हे, पण माईकने हिरवी खूण दिली.

खरी गाडी अडली वाक्यांवर. सगळं समजावणं इंग्रजीत आणि 'रिपीट आफ्टर मी'. जणू पोराला आधीची भाषाच नाही! तिच्या डोक्यात मराठी वाक्य तयार असतं, तिथूनच ती निघणार. 'आय मँगो ईट', 'टेबल ऑन बुक'. आणि प्रश्न विचारायचा तर 'यू ईट मँगो का?' हा 'का' मला इतका आवडला की दोन दिवस दुरुस्तच केला नाही.

मग जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या चिठ्ठ्या केल्या. ओट्यावर आधी मराठी वाक्य मांडायचं : मी, आंबा, खाते. मग 'खाते' उचलून मध्ये आणायचं आणि मगच इंग्रजी करायचं. आपलं 'वर' टेबलाच्या मागे लागतं, 'ऑन' टेबलाच्या पुढे बसतो. आपला 'का' शेवटी येतो, त्यांचा 'डू' सगळ्यांच्या आधी. पोळ्या होईपर्यंत आठ-दहा वाक्यं होत. दिवाळीनंतर 'डू यू ईट मँगो?' आपसूक यायला लागलं. 'डज' अजून घसरतो. 'ए' आणि 'द' तर सरळ गाळते. मराठीत तसलं काही नाहीच, तर तिला उणीव कुठून जाणवणार?

नाण्यांच्या बक्षिसांचा उलटाच परिणाम झाला. नाणी मिळतात म्हणून सोपा धडा बारा-बारा वेळा. रोज पंधरा मिनिटं आणि मी शेजारी, असा नियम केला तेव्हा थांबलं. रेंज गेली की धडा पहिल्यापासून, तो वैताग वेगळा.

वर्षाची मुदत संपली की पुन्हा भरणार नाही. पाचवीच्या वाक्यांना माझ्या चिठ्ठ्या पुरतायत. पण धाकटा पहिलीत आहे, तेव्हा आवाजांचे धडे तेवढे मुदतीआधी त्याच्याकडून उरकून घेतेय. तो सध्या 'पिन'पाशी पोचलाय.