‘तीसपट’ म्हणून विकले जाणारे घडीचे भिंग: भुंगेरे ओळखायला कितपत कामाचे?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातील आमच्या काजूच्या बागायतीला लागूनच रान सुरू होते आणि पहिल्या पावसाच्या सुमारास तिथल्या पाचोळ्यातून मोठे काळे भुंगेरे संध्याकाळी धावताना दिसतात. त्यांची ओळख नुसत्या अंदाजावर राहू नये म्हणून मी मे महिन्यात ऑनलाइन एक घडीचे भिंग मागवले. किंमत दोनशे ऐंशी रुपये, स्टीलचे कवच, 21 मिलिमीटर व्यासाची काच आणि कवचावर ठळक अक्षरांत कोरलेले ‘30×’.

हा आकडा खोटा आहे. भिंग डोळ्याजवळ धरून छापील अक्षर किती अंतरावरून स्पष्ट दिसते ते मोजावे आणि त्या अंतराने 250 मिलिमीटरला भागावे, की भिंगाची शक्ती कळते. माझ्या भिंगाचे अंतर 27 मिलिमीटर भरले, म्हणजे ते जेमतेम नऊपट निघाले. खऱ्या तीसपट भिंगाला आठ मिलिमीटरवर आणावे लागते आणि त्याची काच एवढी रुंद असूच शकत नाही. विक्रेत्याला हे कळवल्यावर ‘30’ हा मॉडेलचा क्रमांक असल्याचे उत्तर आले. मग त्यापुढची फुली कशासाठी कोरली, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

गंमत अशी की या कामाला नऊ-दहापट शक्तीच हवी असते. काळा, मोठा आणि जमिनीवर फिरणारा प्रत्येक भुंगेरा शिकारी नसतो. टेनेब्रिओनिडी कुळातले, कुजका पालापाचोळा खाणारे भुंगेरेही वरवर तसेच दिसतात. फरक पावलांत असतो. शिकारी भूभुंगेऱ्यांच्या, म्हणजे कॅराबिडी कुळाच्या, सहाही पावलांना पाच-पाच पेरे असतात, तर टेनेब्रिओनिडींच्या मागच्या पावलांना चारच. हा हिशेब या भिंगातून आरामात करता येतो. शिवाय भुंगेरा पारदर्शक डबीत ठेवून खालून पाहिले, तर कॅराबिडींच्या मागच्या मांडीच्या बुडाशी चवळीच्या दाण्यासारखा ठळक फुगवटा दिसतो, आणि तो एकदा ओळखीचा झाला की पेरे मोजण्याचीही फारशी गरज उरत नाही.

सहा ठिपक्यांच्या भुंगेऱ्याला, म्हणजे अँथिया सेक्सगुट्टाटाला, खरे तर भिंग लागू नये. सुमारे चार सेंटिमीटर लांबी, काळे अंग, मानेमागच्या ढालीवर दोन आणि पाठीवर चार पांढरे ठिपके, एवढ्यावर तो ओळखू येतो. तरीही एक घोटाळा होऊ शकतो, कारण दक्षिण भारतात थेरिया पेटिवेरियाना नावाचे सात ठिपक्यांचे झुरळ आढळते आणि त्याने या भुंगेऱ्याचेच सोंग घेतले असावे असे मानतात. अशा वेळी पाठीचा मध्य पाहावा: भुंगेऱ्याची पंखझाकणे सरळ रेषेत एकमेकांना भिडलेली असतात, झुरळाचे पंख एकावर एक चढलेले असतात.

इथेच भिंगाच्या पाकिटावर न लिहिलेला धोका येतो. हा भुंगेरा उडू शकत नाही. त्याऐवजी डिवचल्यावर तो पोटाच्या टोकाकडून फॉर्मिक आम्लाची पिचकारी मारतो, आणि नऊपट भिंगातून पाहायचे म्हणजे डोळा त्याच्यापासून चार बोटांवर न्यायचा. मी पहिल्या दिवशी त्याला उघड्या तळहातावर घेऊन पाहायला निघालो होतो. पत्नीने वेळीच लोणच्याची रिकामी काचेची बरणी पुढे केली म्हणून निभावले. बरणीच्या काचेतून चित्र किंचित हलके दिसते, पण डोळा शाबूत राहतो. अभयारण्यात मात्र बरणीचाही मोह टाळावा, कारण 1972च्या वन्यजीव कायद्यानुसार तिथला जीव परवानगीशिवाय पकडता येत नाही.

भिंगाच्या उणिवा आणखी आहेत. काच एकच असल्याने कडेला निळी-तांबडी किनार दिसते आणि चित्र फक्त मधल्या अर्ध्या भागातच रेखीव राहते, त्यामुळे भुंगेऱ्याच्या स्पर्शिका एका नजरेत मावत नाहीत. तीन काचा जोडलेल्या दहापट भिंगात हा दोष फार कमी असतो. नियमित निरीक्षण करणाऱ्यांनी जास्त पैसे मोजून तेच घ्यावे. मुलांना किंवा नवख्यांना मात्र हे दोनशे ऐंशींचे भिंग पुरेसे आहे, फक्त नऊपट समजून घ्यावे. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात घडीचा स्क्रू दोन महिन्यांत गंजून सैल झाला. सध्या त्यावर नेलपॉलिशचा एक थेंब लावला आहे आणि भिंग सुतळीने गळ्यात अडकवले आहे.