सरकारी पगार, कापलेला कर आणि अशोकस्तंभाजवळचं एक ऑफिस

मी सरकारी नोकरीत परिचारिका आहे. पगार सेवार्थ या सरकारी पगारप्रणालीतून होतो, कर पगारातूनच कापला जातो, म्हणून सोळा वर्षं मी त्यात कधी लक्षच घातलं नाही. गेल्या वर्षी वेतननिश्चिती दुरुस्त होऊन थकबाकी एकदम मिळाली. वर्षाचा अंदाजे कर वाढला आणि उरलेली सगळी कपात फेब्रुवारीच्या बिलावर आली: 38,400 रुपये. विवरणपत्र भरल्यावर आयकर खात्याने तीच रक्कम व्याजासकट पुन्हा मागितली. त्या रात्री ड्युटीवर मन थाऱ्यावर नव्हतं.

मैत्रिणीने अशोकस्तंभाजवळच्या एका करसल्लागारांकडे पाठवलं. सरांनी माझी बारा पगारपत्रकं आणि 26एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा, शेजारी ठेवून पेन्सिलीने एकेक रक्कम जुळवली. तीन तिमाह्या जुळल्या, चौथी रिकामी. मग एका पाकिटाच्या पाठीवर आकृती काढून दाखवली. आपला कर चलनाने भरला जात नाही. बिलातून वजा होऊन कोषागारात पुस्तकी नोंदीने जमा होतो. कोषागार त्याचं 24जी हे विवरण भरतं, त्यातून बिन हा नोंदीचा ओळख क्रमांक मिळतो, तो घालून आपलं कार्यालय 24क्यू हे पगारावरच्या करकपातीचं तिमाही विवरण भरतं, तेव्हा कुठे रक्कम आपल्या पॅनवर चढते. माझ्या पॅनचा शेवटचा आकडा 6 होता, कार्यालयाने भरला होता 8. पैसे सरकारजमा होते, फक्त माझ्या नावावर नव्हते.

“ताई, एक रुपयाही भरू नका. कापून घेतलेला कर तुमच्याकडून परत मागता येत नाही,” सर म्हणाले आणि 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 205 उघडून समोर ठेवलं. आमची पगारबिलं काढणाऱ्या आहरण व संवितरण अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज तिथेच टाइप करून दिला. पाच आठवड्यांनी दुरुस्ती चढली. थकबाकीवरच्या सवलतीसाठी 10ई फॉर्म लागतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तोही भरून त्यांनी डिसेंबरच्या आत सुधारित विवरणपत्र दिलं. मागणी गेली, वर 6,210 रुपये परत आले.

फी 1,200, आधी सांगून, पावतीसह. जुलैत मात्र दोन-दोन तास बसावं लागतं, फोन लागत नाही आणि गाडी लावायला जागा नाही. सकाळी साडेदहालाच जा.

परवा वॉर्डातल्या दोघींचं 26एएस उघडून पाहिलं. एकीची तिसरी तिमाही रिकामी निघाली. सोमवारी तिला घेऊन तिथेच जाणार आहे.