नवा स्टिरिओ लावला तरी स्टिअरिंगवरची बटणं चालतात: अ‍ॅक्सेस एएसडब्ल्यूसी-1 चा माझा अनुभव

गाडीसोबत आलेला स्टिरिओ काढून पायोनियरचा टचस्क्रीन बसवला. आवाज भारी, स्क्रीन भारी, पण स्टिअरिंगवरची बटणं गेली. बसवणारा म्हणाला की बाहेरचा स्टिरिओ लावला की ती बंदच पडतात, आता सगळं स्क्रीनवरूनच करायचं. मी ऐकून घेतलं आणि दोन महिने तसंच चालवलं. आवाज कमी करायचा तरी दरवेळी रस्त्यावरची नजर काढून स्क्रीनकडे बघायचं, गाडी जरा हादरली की बोट भलत्याच ठिकाणी पडायचं, आणि फोन आला की तर विचारूच नका. हे मला सोयीपेक्षा सेफ्टीचं जास्त वाटतं, म्हणून ती बटणं परत चालू करणाऱ्या या अ‍ॅडॅप्टरबद्दल एवढं सविस्तर लिहितोय.

तर बटणं बंद पडत नाहीत, ती सिग्नल पाठवतच असतात, फक्त नव्या स्टिरिओला ते समजत नाहीत. बऱ्याच गाड्यांमधे प्रत्येक बटणामागे वेगळ्या ओहमचा रेझिस्टर (विजेला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग) असतो, बटण दाबलं की तेवढा रेझिस्टन्स एकाच वायरवर दिसतो आणि त्यावरून स्टिरिओ ओळखतो की कोणतं दाबलं. दुसऱ्या प्रकारात बटणाचा डिजिटल मेसेज कॅन बसवरून, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या वायरींवरून, जातो, तिथे मल्टिमीटर लावून काही हाती लागत नाही. आपल्या गाडीत यातलं काय आहे ते आधी बघा आणि मगच खरेदी करा, कारण रेझिस्टरवाली बटणं असतील आणि स्टिरिओ अ‍ॅन्ड्रॉइडवाला असेल तर बहुतेकदा मागे की-1, की-2 अशा वायरी दिलेल्या असतात, त्या जोडायच्या आणि सेटिंगमधे जाऊन एकेक बटण शिकवायचं, अ‍ॅडॅप्टरचा खर्च वाचतो. (अर्थची वायर पण नीट जोडा, ती ढिली असली की आवाज वाढवायला जावं आणि गाणं बदलावं असले प्रकार होतात.)

माझ्या स्टिरिओला मागे वायर्ड रिमोटचं (बाहेरच्या बटणांचे सिग्नल घेणारं) 3.5 एमएमचं सॉकेट आहे, म्हणून मेट्रा कंपनीचा हा अ‍ॅक्सेस एएसडब्ल्यूसी-1 घेतला. छोटीशी डबी आहे, डॅशबोर्डच्या आत कुठेही मावते. लाल वायर अ‍ॅक्सेसरीला (किल्ली फिरवली की करंट येतो त्या वायरला), काळी अर्थला, एक वायर स्टिअरिंगच्या सिग्नलला आणि जॅक स्टिरिओत. सिग्नलची वायर बहुतेकदा जुन्या स्टिरिओला मागून लागणाऱ्या गाडीच्या सॉकेटमधेच मिळते, त्यासाठी स्टिअरिंग उघडायची अजिबात गरज नाही आणि उघडूही नका, तिथे एअरबॅग असते.

मग इग्निशन ऑन करून व्हॉल्यूम वाढवायचं बटण साधारण सेकंदाला एकदा दाबत राहायचं, अ‍ॅडॅप्टरवरचा दिवा स्थिर झाला की थांबायचं. गाडी आणि स्टिरिओ दोन्ही तो स्वतः ओळखतो, मग दिवा किती वेळा लुकलुकतो त्यावरून कोणत्या कंपनीचा स्टिरिओ धरलाय ते कळतं. माझ्याकडे दिवा स्थिर झाला, लुकलुकला, सगळं बरोबर, आणि तरी एकही बटण चालेना! अर्धा दिवस वायरी तपासण्यात गेला. शेवटी पायोनियरच्या सेटिंगमधे सापडलं, स्टिअरिंग कंट्रोलला अ‍ॅडॅप्टरसह की अ‍ॅडॅप्टरशिवाय असा पर्याय असतो, तो अ‍ॅडॅप्टरसह वर ठेवला आणि सगळी बटणं एकदम जिवंत. एवढा आनंद नवीन स्टिरिओ लावला तेव्हा पण झाला नव्हता. दुसरं म्हणजे ऑक्सचं (फोन वगैरे जोडून गाणी ऐकायचं) सॉकेट दिसायला अगदी तसंच असतं, त्यात हा जॅक घालू नका. केनवूड आणि जेव्हीसीला सहसा जॅक नसतो, निळी-पिवळी वायर असते, तिला जोडायचं.

आता वापराचं. व्हॉल्यूम, पुढचं-मागचं गाणं, फोन उचलणं, सगळं व्यवस्थित चालतं. बटण दाबल्यावर कंपनीच्या स्टिरिओपेक्षा किंचित उशीर जाणवतो, दोन दिवसांत सवय होते. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एकाच बटणाला दोन कामं देता येतात, एकदा दाबलं की एक आणि दाबून धरलं की दुसरं. मी म्यूट दाबून धरलं की फोन कट होईल असं ठेवलंय आणि ते रोज वापरतो. न आवडलेलं एकच, सोबतची माहितीपुस्तिका फार त्रोटक वाटली, आधी कधी वायरिंग न केलेल्या माणसाचा गोंधळ होणारच, त्याने जाणकाराला सोबत घ्यावं.

आणि डॅश परत बंद करायच्या आधी एक चाचणी नक्की करा. गाडी उभी असताना इंजिन चालू करून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा आणि फिरवताना प्रत्येक बटण दाबून बघा. बटणांच्या वायरी आतमधे क्लॉक स्प्रिंग नावाच्या गुंडाळलेल्या पट्टीतून येतात, ती खराब असेल तर चाक सरळ असताना सगळं चालतं आणि वळवल्यावर बंद पडतं, मग दोष अ‍ॅडॅप्टरचा नसतो.